पवळी व्याली त्या महिन्यात

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. पण ही गोष्ट नाव घेतल्याबिगर सांगताच येत नाही, म्हणून घेतो. उकंडराव. झालं? आता पुढचं ऐका. गोष्ट तशी त्याईची नाहीच. माह्या मोठ्या जावेची आहे, जनकाबाईची.

आम्ही रोहिणखेडचे. जुन्या मशिदीच्या मागच्या आळीत आमचं घर, भिंतीले भिंत लावून रज्जाकभाई आन् त्याची घरवाली इमामबी. जाऊबाई म्हणजे थोरल्या भावाची बायको. थोरले भाऊ पटकीनं गेले, तेव्हा त्याईची बना अंगावर पीत होती. घरात राबायले माणसं होती, पण रांडावलेल्या बाईनं सणावाराले चुलीपाशी यावं नाही, हळदीकुंकवाले समोर यावं नाही, नव्या नवरीच्या आडवं जावं नाही. मंग जावं कुठं? त्या कोठ्यात गेल्या, गाईढोरात. गाय काही कपाळाचं कुंकू पाहत नाही.

आन् बाप्पा, काय हात होता त्या बाईचा! मारकी गाय द्या, आटलेली द्या, जाऊबाई कासेखाली बसल्या की पान्हा सुटलाच म्हणून समजा. सारं गाव म्हणे, उकंडरावच्या घरी लक्ष्मी आहे. उकंडराव मिशीवर हात फिरवून म्हणत, "आमच्या वहिनीचा हात आहे बाप्पा." मले मोठा राग ये. अरे, हात आहे तर त्या हाताची बाईही आहे ना! तिले कधी लग्नाकार्याले पाठवलं? कधी मामाच्या गावाले? सदा एकच बोल, "वहिनी गेल्या तर ढोराचं कसं व्हईन?" गोड बोलून बांधलेलं माणूस लवकर सुटत नाही, हे मी डोळ्यानं पाह्यलं.

त्यात पवळी आली. वर्ध्याकडची गौळाऊ, पांढरीफेक, डोळ्यात काजळ घातल्यावाणी. ती पहिल्या वेतापासून जाऊबाईच्या हाताखाली, म्हणून एकहाती झाली. एकहाती म्हणजे एकाच माणसाले दूध देणारी. दुसरं कोणी बसलं की लाथ मारे, नाही तर दूध वर चढवून उभी राहे, चरवीत थेंब पडू देत नसे. उकंडराव याची फुशारकी मारत. मले तेव्हाच वाटे, बाई, ही गाय नाही, तुमच्या दारचं कुलूप आहे.

महाराष्ट्र झाला त्याले चार-पाच वर्षं झाली असतील. बना लोणारले दिली होती. जावई भला माणूस, पण घरात बाईमाणूस नाही. सासू लग्नाच्या आधीच वारलेली. नुसते बाप आन् दोन लेक. बनाले दिवस गेले, सातवा लागला. पहिलटकरीण माहेरी येते, हे काय सांगायले पाह्यजे? जाऊबाईनं जुन्या लुगड्याच्या गोधड्या शिवल्या, डिंक आणून ठेवला, अळीव आणून ठेवले. त्या बाईच्या तोंडावर मी असं हसू कधी पाह्यलं नव्हतं. कोठ्यात शेण काढताना गाणं म्हणत होत्या हो!

आन् तिथंच माशी शिंकली. पवळीही गाभण. तिचाही तोच महिना.

आमच्या घरची एक रीत होती. एका छपराखाली दोन बाळंतपणं करायची नाहीत, मंग एक बाईचं आन् एक गाईचं का असेना. उकंडरावच्या आजीच्या काळी म्हैस आन् त्याईची चुलती एकाच पंधरवड्यात मोकळ्या झाल्या, आन् चुलती गेली. तेव्हापासून म्हणत, दोन बाळंतिणी एका घरात आल्या की सटवी एकीले नेते.

उकंडराव ओसरीवर बसून म्हणाले, "बनाले यंदा आणता येत नाही, वहिनी. गाय दारात आहे."

जाऊबाई दाराआडून बोलल्या, "मंग गाय इमामबीच्या अंगणात बांधू. इमामबी हो म्हणते."

"तिथं येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर लागन. अशी गाय तालुक्यात नाही."

"मंग मी लोणारले जातो, भाऊजी. तिचं तिथं कोणी नाही."

"आन् पवळी व्याली तर? ती दुसऱ्याले हात लावू देते काय? कास फुटून मरन ती."

मले राहवलं नाही. मी म्हणाली, "पोरगी मेली तर चालते, गाय मेली नाही पाह्यजे, असंच ना?"

"काऊन वं, तोंडाले काही लगाम? अभद्र बोलू नको." असं म्हणून ते चप्पल घालून पारावर चालते झाले. त्याईचं हेच. उत्तर नसलं की चप्पल.

जाऊबाई रडल्या नाहीत. कोठ्यात जाऊन पवळीच्या मानेले टेकून उभ्या राह्यल्या. "हिचा काय दोष, तानु?" म्हणाल्या. मी म्हणाली, "दोष कोणाचाही असो, तुम्ही जायाचं. पवळीले मी पाहतो."

"तुले लाथ मारन."

"मारू द्या. नवऱ्याचं बोलणं खातो, गाईची लाथ काय जड आहे?"

तशी एक युक्ती आमच्या बायकांत चालतेच. एकहाती गायीले माणूस दिसण्यापेक्षा वासावर कळते. मी जाऊबाईचं अंगावरचं, न धुतलेलं लुगडं नेसायले लागली. डोक्यावरून पदर, हाताले त्याईच्यावाणीच भुशा-कुटाराची धूळ चोळलेली. त्या बोलत तसंच हळू बोलायचं, "पवळे, ये माय." पवळी भाकड झाली होती, म्हणून दुधाचा सवाल नव्हता, नुसतं तिच्यापाशी बसायचं, कासेले हात लावू द्यायची सवय करायची. पहिल्यांदा तिनं मले अशी उडवली की मी शेणाच्या पाटीत जाऊन बसली. जाऊबाई इतक्या हसल्या, डोळ्यातून पाणी आलं. मंग हळूहळू पवळी उभी राहायले लागली. उकंडराव दुपारी वावरात गेले की आमची ही शाळा भरे. ठरलं असं की पवळी व्याली, माह्या हाताले तिनं पान्हा सोडला की जाऊबाईनं एसटी धरायची. बनाचे दिवस भरायले तेवढा वेळ होता. निदान आम्हाले तसं वाटत होतं.

पवळी आधीच व्याली. गोऱ्हा झाला. आन् वार पडली नाही, आतच अडकली.

आता आमच्या घरची दुसरी अक्कल ऐका. व्यालेली गाय पाचवीपर्यंत आतल्या अंधाऱ्या खणात ठेवायची. दाराले तरटाचे पडदे, वरून फाटकी वहाण बांधायची नजरेसाठी. आन् झाडू मारायचा नाही, लक्ष्मी झाडून जाते म्हणून. त्याच शेणामुतात गाय बसे, त्याच घाणीत कास टेके. चीक काढून खरवस करायचा आन् साऱ्या भाऊबंदात वाटायचा, वासराले चाटायपुरता. वर्षानुवर्षं असंच चाललं. कधी गाय निभून जाई, कधी मरे, आन् मेली की नजर लागली म्हणत.

पवळीचं अंग तापलं. खाणं सोडलं. कासेचा एक भाग दगडावाणी झाला, त्या सडातून दुधाऐवजी पिवळं पाणी आन् गुठळ्या येत. वारेची घाण लोंबत होती, वासानं आत उभं राहवेना. जाऊबाई मात्र तिच्यापाशी बसूनच. बाहेर निघायचं म्हटलं की उकंडराव तरटापाशी उभे, "वहिनी, सोडू नका हो तिले. तुमच्याच हाताची आहे."

मी इमामबीले सांगतलं, इमामबीनं रज्जाकभाईले. मोताळ्याले ढोराचा दवाखाना निघाला होता. रज्जाकभाई बाजाराले चाललेच होते, तेच डॉक्टरले सोबत घेऊन आले. डॉक्टर घाटावरचा तरणा पोरगा, बोलायले साधा. त्यानं आधी तरट ओढून टाकलं. उकंडराव "अहो, पाचवी..." म्हणेपर्यंत उजेड आत.

"बाळंतिणीला कोंडून का ठेवलंय?" तो म्हणाला. वार ओढू नका म्हणाला, ती आपोआप सुटू द्या. तिले सुई टोचली. कोरड्या जागेवर आणून बांधायले लावलं, कास कोमट पाण्यानं धुवायले लावली. मंग समजावून सांगतलं. व्यायच्या आधीचे काही दिवस आणि व्याल्यानंतरचे काही दिवस गाईच्या अंगातली रोगाशी लढायची ताकद उतरलेली असते. सगळा जोर वासराकडे गेलेला असतो, वरून दूध उतरायचं असतं. एरवी जी घाण ती सहज झटकून टाकते, तीच या दिवसांत जिवावर उठते. म्हणून याच दिवसांत तिला स्वच्छ जागा, हवा, उजेड आणि चांगलं खाणं पाहिजे. आणि चीक आधी वासराला, पोटभर. त्याच्या अंगात आजाराशी लढायचं बळ त्याच चिकातून येतं. "गावाला खरवस नंतर खाऊ घाला," म्हणाला.

उकंडराव खाली पाहून ऐकत होते. जाऊबाई दाराआडून पुढं आल्या. परक्या माणसापुढं ही बाई कधी तोंड उघडत नसे. पदर सावरून त्याईनं इचारलं, "डॉक्टरसाहेब, बाईचंही असंच असते काय?"

डॉक्टर हात धुवत होता, थांबला. "मी जनावरांचा डॉक्टर आहे, आई. पण हो, बाईचंही पुष्कळसं तसंच. बाळंतपणात ताप आला तर घरी ठेवू नका, सरळ दवाखान्यात न्या."

जाऊबाई मागं सरल्या. पण त्याईचं तोंड मी पाह्यलं. त्याईच्या डोळ्यापुढं पवळी नव्हती, लोणारची खोली होती. तिथंही असंच तरट असन, अशाच रीती पाळणाऱ्या म्हाताऱ्या असतील.

डॉक्टरनं सांगून ठेवलं होतं, त्या सडातली घाण थोड्या-थोड्या वेळानं पिळून काढत राहा, नाही तर कास जाईन. मंग काय, जाऊबाई पुन्हा खिळल्या. पिळत, शेकत, पुन्हा पिळत. दुसऱ्या दिवशी वार सुटली, ताप जरा उतरला.

त्याच दुपारी बनाचा दीर आला. एसटीनं मेहकर, बुलढाणा, मोताळा असा फिरत, पायाले धूळ, तोंड सुकलेलं. उकंडरावनं त्याले ओसरीवर बसवलं आन् मले चहा सांगतला. मी चहा घेऊन गेली तर तो सांगून राह्यला होता, "बनावहिनी मोकळी झाली. पोरगी आहे. पण अंगात ताप भरला, उतरत नाही. आईले बोलावते सारखी."

उकंडराव म्हणाले, "पहिलटकरणीले येतेच थोडा ताप. गाय जरा उठू द्या, आठ-पंधरा दिवसानं पाठवतो वहिनीले." आन् माह्याकडं डोळे वटारून हळूच, "आत काही बोलशीन तर पाह्य."

असा राग आला, असा राग आला की तो चहा त्याईच्या डोक्यावरच ओतावा! पण मी ओतला नाही. ओतला असता तर कोठ्याचं दार बंद झालं असतं. मी म्हणाली, "हो, बरोबर आहे तुमचं." आन् मागच्या दारानं कोठ्यात गेली.

"जाऊबाई, बना मोकळी झाली. तिले ताप आहे."

त्याईनं हातातलं फडकं खाली ठेवलं. अंगावरचं लुगडं सोडलं, मी माह्यं सोडलं, दोघींनी अदलाबदल केली. इमामबी भिंतीपलीकडून सारं ऐकत होतीच, तिनं तिकडूनच हाक दिली, "रज्जाकने बंडी जोती है, जल्दी भेजो." जाऊबाई परसातून गेल्या. जाता जाता पवळीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "हिच्या हाताले दे माय. माह्या लेकीसाठी दे."

मी कासेखाली बसली. पवळीनं मान वळवून मले हुंगलं. तिले कळलं असन, नसन, देव जाणे. पण उभी राह्यली. मी सड पिळला, घाण निघाली, मंग बाकीच्या सडातून दुधाची धार लागली आन् मले रडू फुटलं.

थोड्या वेळानं उकंडराव कोठ्याच्या दारापाशी आले. थोरल्या भावजयीकडं सरळ पाहत नसत, पाठ करून बोलत. तसेच पाठ करून म्हणाले, "वहिनी, बनाचा दीर आला होता. आताच वाटेले लावला. बना सुखरूप आहे, पोरगी झाली. काळजी करू नका. पंधरा दिवसानं मी स्वतः नेऊन पोचवतो."

मी सड पिळतच राह्यली. ते पुन्हा म्हणाले, "ऐकलं ना, वहिनी? तुमच्याबिगर ही गाय वाचत नव्हती. मी इसरणार नाही."

मले गप बसवेना. मी पदर मागं केला. "त्या गेल्या. तो दीर स्टँडवर पोचन, तवर त्याही तिथं असतील. अदलाबदलीत तुमच्या घरची लक्ष्मी गेली आन् ही अवदसा बसली आहे गायीखाली. घाला आता चप्पल!"

ते गर्रकन वळले. मारायले हात उचलला त्याईनं, पण पवळी बुजली, पाय उचलला, आन् ते मागं सरले. गाय बिथरली तर दूध चढवन, हे त्याईले कळत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मले त्या गायीचा उपकार वाटला.

पवळी वाचली. चारा खाऊ लागली, गोऱ्हा बागडू लागला. कासेचा तो एक सड तेवढा अधू राह्यला.

जाऊबाई पुढच्या आठवड्यात आल्या. एकट्या नाही. पदराआड फडक्यात गुंडाळलेली इवलीशी पोर. मी दारात गेली आन् त्याईच्या तोंडाकडं पाहूनच मले समजलं. त्याईले आत आणून बसवलं मी.

मंग त्याईनं सांगतलं. शेजारच्या म्हाताऱ्याईनं बनाले आतल्या खोलीत ठेवलं होतं. झरोका शेणानं लिंपलेला, खाटेखाली शेगडी, अंगाखालचं फडकं पाचवीपर्यंत बदलायचं नाही. तापानं पोरगी बडबडत होती. जाऊबाईनं गेल्या गेल्या झरोका फोडला, तिले पुसली, जावयाले म्हणाल्या, बंडी जुंपा, दवाखान्यात न्यायची. जावयानं जुंपली. बनानं आईले वळखलं. मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "लई उशीर केला वं माय." दवाखान्याची वाट अर्धी झाली होती, तिथंच गेली.

आम्ही दोघी गळ्यात पडून रडलो. इमामबी आली, ती रडली. उकंडराव ओसरीवरून उठून आले. त्याईचेही डोळे भरले होते, खोटं कशाले सांगू. पण तोंडातून काय निघालं? "म्हणूनच म्हणत होतो, वहिनी. एका महिन्यात दोन बाळंतपणं. एक जातेच."

मी उभी राह्यली. "एका छपराखाली होत्या काय हो त्या? रोहिणखेड कुठं, लोणार कुठं! सटवीनं नाही नेलं तिले, तुम्ही नेलं. दोघीईले अंधारात कोंडलं, एकीले डॉक्टर आणला. जिले आणला ती वाचली!"

या वेळी त्याईनं चप्पल घातली नाही. तिथंच उभे राह्यले, त्या पोरीकडं पाहत.

पोर भुकेनं रडून राह्यली होती. मी पवळीचं दूध काढून, पाणी घालून गरम केलं. जाऊबाईनं कापसाचा बोळा बुडवून तिच्या ओठाले लावला. चुरूचुरू ओढत होती.

मंग उकंडराव घसा साफ करून म्हणाले, "वहिनी, माह्यं चुकलं. आता मी तुम्हाले अडवणार नाही. पवळी तानुच्याही हाताले देते. तुम्हाले जिथं जायाचं असन तिथं सांगा, मी बंडी जुंपतो."

जाऊबाईनं बोळा पुन्हा दुधात बुडवला. मान वर केली नाही.

"आता कुठं जाऊ, भाऊजी?"